वाचकांचे प्रश्न : खारपाणपट्ट्यात प्रवाळाची टाकी

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत गप्पी आणि गोल्डफिशची टाकी सहा वर्षे सांभाळली आहे. आता घरी खाऱ्या पाण्याची, प्रवाळ असलेली टाकी उभारावी असे मनात आहे. परंतु अमरावतीच्या दुकानांत मला मिळालेली सगळी पुस्तके गोड्या पाण्यातील माशांवरची निघाली. शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजी वाचण्याची तयारी आहे. कोणती पुस्तके घ्यावीत? शिवाय आमच्या विहिरीचे पाणी मुळातच खारे आहे, ते या टाकीला चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पुस्तक कसे पारखावे हे त्यातूनच कळेल. विहिरीचे पाणी चालणार नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे आपसांतील प्रमाण ठरलेले असते. लिटरमागे कॅल्शियम साधारण ४१० मिलिग्रॅम, तर मॅग्नेशियम त्याच्या तिपटीहून थोडे अधिक. प्रवाळ आपला सांगाडा याच कॅल्शियमपासून बांधतो. खारपाणपट्ट्यातील, म्हणजे खारट भूजल असलेल्या आपल्या भागातील पाणी मचूळ खरे, पण त्यातले क्षार समुद्राच्या मानाने फार कमी आणि त्यांचे प्रमाणही वेगळे. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे पाणीही खारेच आहे, तरी त्यात प्रवाळ जगणार नाही, कारण ते तीव्र अल्कधर्मी आहे. म्हणून आरओचे पाणी घेऊन त्यात मत्स्यालयासाठी तयार मिळणारे समुद्री मीठ विरघळवावे लागते. दोनशे लिटरच्या टाकीला पहिल्याच भरणीत सुमारे सात किलो मीठ लागेल. स्वयंपाकघरातील मीठ यासाठी निरुपयोगी आहे.

आता पुस्तकांकडे वळू. कोणतेही पुस्तक हाती आले की रंगीत चित्रे बाजूला ठेवून पाण्याच्या रसायनाचे प्रकरण उघडावे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कता (आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता) यांचा परस्परसंबंध, तसेच अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट कसे होते व नव्या टाकीत त्याला कित्येक आठवडे का लागतात, हे त्यात कारणांसह समजावले असेल, तर ते पुस्तक घेण्याजोगे आहे. नुसतीच ‘हे करा, ते करू नका’ अशी यादी असेल, तर ते विज्ञानाच्या शिक्षकाच्या कामाचे नाही.

आरंभासाठी मी रॉबर्ट फेनर यांचे ‘द कॉन्शिएन्शस मरीन अ‍ॅक्वॅरिस्ट’ सुचवीन. ते १९९८ साली निघाले आणि २००८ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. मिळाल्यास तीच घ्यावी. कोणता मासा विकत घेऊच नये, हे ते स्पष्टपणे सांगते, आणि नवशिक्याचे पैसे नेमके तिथेच वाचतात. त्यानंतर एरिक बोर्नमन यांचे २००१ सालचे ‘अ‍ॅक्वेरियम कोरल्स’ वाचावे. प्रवाळाच्या एकेका गटाची ओळख, निगा आणि रोग यांविषयी इतके बारकाईने लिहिलेले पुस्तक मला अन्य आढळले नाही. चार्ल्स डेलबीक आणि ज्युलियन स्प्रंग यांचा ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’ हा तीन खंडांचा ग्रंथ (१९९४, १९९७ आणि २००५) महाग आहे आणि जाडजूडही आहे. तो लगेच घेण्याची गरज नाही. पुढे एकच खंड घ्यायचा ठरल्यास तिसरा घ्यावा, कारण तंत्र आणि उपकरणे यांचे विवेचन त्यात आहे.

या पुस्तकांमध्ये एक उणीव मात्र आपल्याला पदोपदी जाणवेल. ती लिहिणारे लोक उष्ण हवेला अपरिचित नाहीत. स्प्रंग फ्लोरिडातील मायामीचे, तर डेलबीक यांनी अनेक वर्षे हवाई बेटांवरील मत्स्यालयात काम केले. तरीही चोवीस तास वीज आणि गारवा राखलेले घर ही पुस्तके धरूनच चालतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दुपारी तीन तास भारनियमन झाले तर काय करावे, याचे प्रकरण त्यांत नाही. ते आपल्यालाच लिहावे लागते. टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांदरम्यान असावे, असे पुस्तक सांगेल. अकोल्याच्या माझ्या घरी पहिल्याच उन्हाळ्यात ते ३१ वर गेले होते. पाण्यावर छोटा पंखा लावला, तेव्हा कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होऊन पाणी तीनेक अंशांनी उतरले. मग घरच्यांनी त्याच खोलीत वाळ्याचा कूलर सुरू केला, हवा दमट झाली आणि पाणी पुन्हा तापू लागले. दुसरी चूक माझी स्वतःची होती. काचेवर स्केचपेनने ओढलेल्या रेघेपासून पाणी संध्याकाळपर्यंत दोन बोटे खाली गेलेले पाहून मी त्यात मीठ घातलेले पाणी ओतले. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून घट भरून काढताना आरओचे साधे पाणीच घालायचे असते, हे मी फेनर यांच्या पुस्तकात आधीच वाचले होते! आठवडाभरात पाण्याची विशिष्ट घनता (साध्या पाण्याच्या तुलनेतली घनता, म्हणजेच खारेपणाचे माप) १.०२५ वरून १.०२९ वर गेली. तेव्हा पुस्तक वाचताना समासात आपल्या गावचे तपमान, विजेच्या वेळा आणि पाण्याची पातळी रोजच्या रोज टिपून ठेवा. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप या दोन वस्तूंसाठी खर्चात आधीच तरतूद करा.

परदेशी पुस्तकांत आपला कायदा सापडणार नाही, म्हणून तो इथे सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. सहलीला गेलेल्या नातेवाइकांनी कोकणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा वाळलेला तुकडा आणला, तरी तो टाकीत ठेवू नका. प्रवाळ घेताना विक्रेत्याकडे कागदपत्रे मागा, आणि ती नसतील तर व्यवहार थांबवा. माझ्या मते आपण पहिले वर्षभर माणसाने बनवलेला सच्छिद्र खडक आणि टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची एक जोडी एवढ्यावर थांबावे. भारतातील प्रवाळ ओळखण्यासाठी के. वेंकटरमन व सहकाऱ्यांचे ‘हँडबुक ऑन हार्ड कोरल्स ऑफ इंडिया’ (२००३) हे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पुस्तक उपयोगी आहे. शाळेतील मुलांनाही त्यातील छायाचित्रे दाखवता येतील.

ही पुस्तके नवी मिळणे अवघड आहे, जुन्या प्रती मागवाव्या लागतात. त्याआधी नागपूरच्या तेलंगखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना पत्र लिहून बाहेरच्या वाचकाला बसून वाचण्याची परवानगी मिळेल का, ते विचारावे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीवर बरेच काम केले असून तिची अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. दर्यापुरातून एसटीने नागपूर गाठण्यापेक्षा ते सोपे.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यात राहतो, महाविद्यालयात शिकतो. नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मला मार्टिन मो यांच्या ‘द मरीन अ‍ॅक्वेरियम हँडबुक’ची १९८२ सालची प्रत ऐंशी रुपयांत मिळाली. इतके जुने पुस्तक विश्वासार्ह मानावे का?

उत्तर : अर्धे मानावे. मो हे समुद्री माशांच्या पैदाशीतले जाणकार. पिले वाढवणे, रोग आणि माशांचे वर्तन यांवरील त्यांचे लेखन आजही वाचनीय आहे. गाळणीचे प्रकरण मात्र वाळूखाली जाळी ठेवण्याच्या पद्धतीच्या काळातले आहे, ते इतिहास म्हणून वाचावे. दिव्यांविषयी कोणत्याच जुन्या पुस्तकावर विसंबू नये, कारण एलईडीने तो विषय पूर्ण बदलून टाकला आहे. प्रवाळांच्या शास्त्रीय नावांचेही तसेच झाले आहे : जुन्या पुस्तकांत ज्यांना फेविया म्हटले आहे, त्या हिंद-प्रशांत महासागरांतील जाती आता डिप्सास्ट्रिया या नावाने ओळखल्या जातात, त्यामुळे नाव जुळत नाही म्हणून पुस्तक चुकीचे ठरवू नका. ऐंशी रुपयांत सौदा चांगला झाला. याच पुस्तकाची २००९ सालची आवृत्ती कुठे दिसली, तर तीही घेऊन ठेवा.