फ्रेडीच्या चित्रपटातलं खरं किती, आणि ते ओळखायचं कसं

ताई, तुम्ही विचारलंय की लेकीने शाळेच्या प्रकल्पाला क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी घेतलाय आणि त्याच्यावरचा २०१८ चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट पाहून ती त्याचं चरित्र लिहितेय, तर त्यावर विसंबावं का? क्वीनचं संगीत मी कॉलेजपासून ऐकतोय, चित्रपट तीनदा पाहिलाय. गाण्यांसाठी खुशाल विसंबा. तारखांसाठी नको. आणि माणसं का भांडली, का परत एकत्र आली, यासाठी तर मुळीच नको.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी. चित्रपटात फ्रेडी एकट्याच्या अल्बमचा करार करतो, बाकीचे तिघे दुखावतात आणि बँड मोडतो. पुढे लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या मोठ्या मैफलीच्या तोंडावर तो माफी मागतो, तालमीत आपल्या आजाराचं सांगतो, आणि १३ जुलै १९८५ ला वेम्ब्ली स्टेडियमवर ते चौघे पुन्हा उभे राहतात. पहिल्यांदा पाहताना मीही रडलो. आता खरा क्रम बघा. क्वीनचा 'द वर्क्स' हा अल्बम १९८४ चा. त्याच वर्षी त्यांचा दौरा सुरू झाला. १९८५ च्या जानेवारीत ते ब्राझीलमध्ये 'रॉक इन रिओ' या संगीत महोत्सवात गायले, मेमध्ये जपानमध्ये. म्हणजे लाइव्ह एडच्या दोन महिने आधीपर्यंत ते एकत्र वाजवत होते. बँड मोडलाच नव्हता. एकट्याचे अल्बम म्हणाल, तर ड्रमवादक रॉजर टेलरचा १९८१ मध्ये आला होता, गिटारवादक ब्रायन मेने १९८३ मध्ये वेगळं ध्वनिमुद्रण केलं होतं. फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' आला तो १९८५ च्या एप्रिलमध्ये, या दोघांच्या नंतर. चित्रपटात मात्र घर फोडल्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी येतो.

आणि आजार. शेवटच्या वर्षांतला त्याचा जोडीदार जिम हटन याने निदान १९८७ चं सांगितलंय. म्हणजे वेम्ब्लीवर गाताना फ्रेडीला आपल्याला एड्स आहे हे माहीत नव्हतं. जगाला त्याने ते सांगितलं २३ नोव्हेंबर १९९१ ला, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षं मागेपुढे केली तर काय बिघडलं? माझ्या मते फार बिघडलं. तारीख सरकवली की कारण बदलतं. चित्रपट सांगतो की लाइव्ह एडमधली त्यांची ती वीस-एकवीस मिनिटं इतकी जबरदस्त झाली कारण मरण समोर दिसत होतं आणि दुरावलेली भावंडं परत भेटली होती. खरं कारण साधं आहे आणि मला ते जास्त मोठं वाटतं. वर्षभर दौऱ्यावर असलेला, हात बसलेला बँड होता. मैफलीआधी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये त्यांनी घड्याळ लावून तालीम केली आणि मिळालेल्या वेळात नेमकी कोणती गाणी बसतील, कुठलं गाणं कुठे तोडायचं, हे ठरवलं. त्या दिवशीचे सहा तुकडे सलग ऐकले की ही आखणी कानाला कळते. चित्रपटात त्यातले चारच आहेत. आपल्याकडे गवयाच्या मैफलीमागचा रियाज आपण मान देऊन सांगतो. इथे तोच रियाज पुसून त्या जागी आजार ठेवला, याचा मला मनापासून राग येतो.

हे पकडायचं कसं, तर लेकीला गाण्यांच्या तारखा बघायला शिकवा. ध्वनिमुद्रिकेवर वर्ष छापलेलं असतं, ते कोणाला बदलता येत नाही. 'वुई विल रॉक यू' १९७७ चं, चित्रपटात ते १९८० मध्ये मिशीवाला फ्रेडी असताना तयार होतं. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' १९७८ चं, ते पहिल्याच अमेरिका दौऱ्यात वाजतं. बेसवादक जॉन डीकन पहिल्या कार्यक्रमापासून सोबत दिसतो, प्रत्यक्षात तो १९७१ मध्ये आला. हे किरकोळ आहे, गोष्ट आटोपशीर करायला असं करतातच. पण रिओचा विराट जनसमुदाय एकसुरात गातोय ते दृश्य आठवा. ती मैफल जानेवारी १९८५ ची, चित्रपटात ती सत्तरच्या दशकात नेऊन ठेवलीय. जागच्या जागी ठेवली असती तर बँड मोडल्याची गोष्ट उभीच राहिली नसती. ज्या तारखेच्या सरकण्याने गोष्टीचा खांब उभा राहतो, तिथे थांबून शोध घ्यायचा.

दुसरं बघायचं ते गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत. संगीतकारावरचा चित्रपट त्याच्या गाण्यांशिवाय उभा राहत नाही आणि गाणी हक्कदारांच्या परवानगीशिवाय मिळत नाहीत. इथे मे आणि टेलर स्वतः संगीताच्या बाजूला होते. त्यामुळे हयात असलेले शहाणे आणि घरच्या ओढीचे दिसतात, चुका गेलेल्याच्या नावावर पडतात, आणि उरलेलं सगळं वाईट फ्रेडीचा व्यवस्थापक पॉल प्रेंटर या एका माणसावर. त्याने पुढे वृत्तपत्राला खासगी गोष्टी विकल्या हे खरं आहे, पण त्याला काढलं ते लाइव्ह एडच्या नंतर, आधी नाही. १९८४ मध्ये वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत, सन सिटीला जाऊन क्वीन गायले आणि त्यावरून त्यांच्यावर खूप टीका झाली. तो निर्णय चौघांचा होता. चित्रपटात त्याचा मागमूस नाही.

मात्र नाट्यमय दिसलं की खोटं, असंही तिच्या मनात बसू देऊ नका. 'बालगंधर्व' चित्रपटात 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी जाते आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहतात, तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ "हे घुसडलंय" म्हणाले होते. घुसडलेलं नाही. १२ मार्च १९११ ला तसंच घडलं.

आता प्रकल्पाचं. फ्रेडीचं बालपण चित्रपटात ओझरत्या उल्लेखावर संपतं, आणि तोच भाग आपल्याला सगळ्यात जवळचा आहे. झांझिबारच्या पारशी घरातला हा फारुख बलसारा आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. फ्रेडी हे नाव तिथलंच. पियानो तिथेच शिकला, आणि मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गायक दुसराच मुलगा होता, फ्रेडी पियानोवर. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं, ते त्यानंतरचं.

तुम्ही साताऱ्यात राहता असं लिहिलंय. तर एखाद्या रविवारी तिला पाचगणीला घेऊन जा. आणि वहीत दोन रकाने आखायला सांगा, एकात चित्रपटातला प्रसंग, दुसऱ्यात त्याची खरी तारीख. १९८५ च्या पानापासून सुरुवात करायला सांगा. अडलं तर इथेच विचारा, माझ्याकडच्या ध्वनिमुद्रिका काढून बघून सांगेन.