गव्हावर चाललेलं कॉलेज

प्रश्न : अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हा हार्वर्ड कॉलेज चालायचं कसं? पैसा कुठून यायचा, शिकायला कोण यायचं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मी तीस वर्षं इतिहास शिकवला. हार्वर्डचा विषय निघाला की मुलांना आधी गव्हाची गोष्ट सांगायचे.

1636 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कॉलेजसाठी 400 पौंड मंजूर केले. 1638 मध्ये जॉन हार्वर्ड हे तरुण धर्मोपदेशक क्षयाने वारले. निम्मी मालमत्ता आणि सुमारे 400 पुस्तकं त्यांनी कॉलेजला दिली. तरी भागेना. मग 1644 पासून न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्येकडच्या इंग्रज वसाहतींमधल्या, घराघरांतून पाव बुशेल गहू, म्हणजे साधारण सात किलो, किंवा तेवढ्या किमतीची नाणी मागितली जाऊ लागली. स्वतः जंगल तोडून शेत केलेली माणसं ती! परक्याच्या मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी धान्य काढून द्यावं, याने मी आजही हलते. चार्ल्सटाउन गावाजवळ नदी ओलांडून देणाऱ्या नावेचं उत्पन्नही कॉलेजला मिळे. फीसुद्धा पुष्कळदा धान्याच्या, जनावरांच्या रूपात येई.

कारभार दोन मंडळांकडे होता. अधिकारी आणि धर्मोपदेशकांचं देखरेख मंडळ, शिवाय 1650 च्या सनदेने अध्यक्ष, पाच फेलो (कारभारी सदस्य) आणि खजिनदार अशा सात जणांचं.

1642 च्या पहिल्या तुकडीत नऊच पदवीधर. मुलींना प्रवेश नव्हता. सनदेत मात्र इंग्रजांबरोबर मूळनिवासी तरुणांच्या शिक्षणाचाही उल्लेख आहे. वाम्पानोआग जमातीचा केलेब चीशाहतोमक 1665 मध्ये पदवीधर झाला. पुढच्याच वर्षी तोही क्षयाने गेला.