लाडू कराच, पण आधी कोठी

प्रश्न : ताई, आमचं गाव धानोरा तालुक्यात (जि. गडचिरोली). ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्क आहेत, म्हणजे जंगलातला मोह, तेंदू, बांबू गावच गोळा करून विकू शकतं. तरी धान कापून झालं की पोरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. आमच्या बचत गटाला कोणी मोहफुलांच्या लाडवांचा उद्योग सुचवलाय. यंत्रासाठी कर्ज काढावं का?
– बचत गटाची अध्यक्ष

उत्तर : लाडू खुशाल करा. कर्ज मात्र यंदा नको.

आधी एक हिशेब मांडा. चैत्रात गावातून किती मोह विकला जातो आणि श्रावणात किती विकत आणता? एका गावात अंगणात बसून आम्ही हे मोजलं. बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या. ज्या दुकानात एप्रिलमध्ये मोह घातला, तिथूनच पावसाळ्यात चढ्या भावाने आणत होत्या! कारणं दोन : हाताला पैशाची घाई, आणि घरात कोरडी जागा नाही. मोह ओल धरतो, मग कुजतो. तेव्हा जमिनीपासून उंच, घट्ट झाकणाच्या कोठ्या, हेच तुमचं पहिलं यंत्र. राहिली घाई. ग्रामसभेकडे गेल्या हंगामाची तेंदूची (विडीच्या पानांची) रॉयल्टी शिल्लक असेल, तर मोह ठेवून घेऊन त्यावर घरांना उचल द्या.

तेंदूचं सांगते. पुडक्यात 70 पानं, हजार पुडक्यांची गोणी, हे तुम्हाला पाठच. पण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय फळीवरून (पानं गोळा करण्याच्या जागेवरून) माल हलू देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका गावाचा शेवटचा हप्ता ठेकेदाराने बुडवला, अजून खेटे चालू आहेत. (चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडणंच थांबवलं. नवी पानं फुटावीत म्हणून होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी, यांनी जंगल जातं म्हणून. त्यांच्याकडे बांबू आहे, सगळ्यांना हे परवडेल असं नाही.)

तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. बांबू बाहेर नेऊन विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला मात्र एप्रिल 2011 उजाडला, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. कागद मिळाला की माल विकला जातो, असं नसतं.

मोहाच्या झाडाखालचा पाला जाळू नका. जुनी लुगडी अंथरून फूल झेला, लाडवात खडा येणार नाही. आणि ग्रामसभेची पावतीवही कोणाकडे असते, ते पुढच्या पत्रात कळवा.