मासे मोजायच्या आधी

अगं, प्रपोजल वाचलं तुझं. वाशिष्ठी आणि शास्त्री, कोकणातल्या दोन नद्यांचं खोरं, तीन वर्षं, माशांच्या सगळ्या जाती, सगळं आहे, फक्त मासे मोजून कोणी काय ठरवायचं तेवढंच नाही. आधी ते लिही. चढणीचे मासे (अंडी घालायला ओढ्यात वर चढणारे) पहिल्या पावसात किती दिवस पकडू नयेत, किंवा गावच्या कुठल्या डोहात मे महिन्यात जाळं टाकूच नये, असला एकच प्रश्न घे, ज्याचं उत्तर ग्रामपंचायतीला नाहीतर मत्स्य विभागाला वापरता येईल. नुसत्या याद्या करणारे खूप आहेत.

वाशिष्ठी आणि शास्त्रीची उन्हाळ्यात सरळ तुलना करू नको हां. कोयनेचं वीज काढून सोडलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे चिपळूणकडे भर उन्हाळ्यातही नदीला पाणी, आणि शास्त्रीच्या वरच्या ओढ्यांत तेव्हा नुसते डोह उरलेले. मग फरक माशांचा की पाण्याचा, कसं सांगणार? (वाशिष्ठीत मगरी आहेत, एकटी उतरू नको.)

डोहाचं मात्र नीट समजून घे, भलेभले इथेच फसतात. पाणी आटलं की ओढाभर पसरलेले मासे, म्हणजे मळे, शिंगटी, वाम सगळे त्या एवढ्याशा डोहात गोळा होतात, तू जाळं टाकतेस, जाळं भरून येतं आणि रिपोर्टमध्ये जातं की घनता वाढली. वाढली कसली, पाणी कमी झालंय! ओढ्यातले एकूण मासे निम्मे झाले असले तरी चौरस मीटरमागे आकडा जास्त येऊ शकतो. म्हणून दरवेळी डोहाची लांबी-रुंदी-खोली घ्यायचीच, आणि त्या ओढ्यात असे किती डोह उरलेत तेही.

डोह तुटक झाले की एक सोय मात्र होते, खूण करून परत पकडायची पद्धत चालते. समज 60 मासे पकडून पराचा बारीक कोपरा कापून सोडलेस, नंतर 50 पकडले, त्यात 10 खुणेचे निघाले, तर 60 गुणिले 50 भागिले 10, म्हणजे साधारण 300. पण खुणेचे मासे बिचकून जाळ्यापासून लांब राहिले तर दहाच्या जागी पाचच मिळतील आणि तुझे 300 चे 600 होतील, डोहात मासे तेवढेच. जूनमध्ये ओढा वाहता झाला की मासे येतात-जातात, तेव्हा हे गणित बंद. तेव्हा तेच जाळं, तीच जागा, तेवढाच वेळ, आणि पकड किती ते लिही. जाळं रिकामं आलं तरी लिही, कारण कंटाळून तेच गाळतात लोक आणि मग सरासरी उगाच चांगली दिसते.

महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे कोणी मारत नाही. न मारलेला डोह कसा दिसतो ते बघायला जा, काठावरूनच मोज, जाळ्याचं नावही काढू नको तिथे. पण लोक खायला घालतात, त्यामुळे तिथला आकडा नैसर्गिक धरू नको.

आणि गावात ब्लीचिंग पावडर टाकून, जिलेटिनचे स्फोट करून मासे मारतात का, ते विचारायचंच. 1897 च्या मासेमारी कायद्यापासून विष नि स्फोटकांना बंदी आहे, तरी चालतं. पहिल्या भेटीत कोणी बोलणार नाही, चहा पी, परत जा. ते न कळता शून्य आलं तर तू उगाच धरणाला दोष देत बसशील.

परवानगीचा अर्ज आत्ताच टाक, मार्चएंडला साहेब सापडत नाहीत.