डेस्कटॉप : ब्रँडेड की असेंबल केलेला?

प्रश्न : मुलगी व्हिडिओ एडिटिंग शिकते आहे. तयार ब्रँडेड डेस्कटॉप घ्यावा की सुटे भाग आणून जोडावा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एडिटिंगसाठी जोडूनच घ्या. स्वस्तातल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये पॉवर सप्लाय बऱ्याचदा २००-३०० वॉटचाच असतो आणि त्याचा मदरबोर्डचा कनेक्टरही अनेकदा नेहमीचा २४ पिनांचा नसतो. पुढे ग्राफिक्स कार्ड घालायचं म्हटलं की हा पुरत नाही आणि बाजारातला बसत नाही.

रॅम ३२ जीबीची एक पट्टी न घेता १६-१६च्या दोन घ्या. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. तरी मॅन्युअल पाहाच. पॉवर सप्लायवर मात्र काटकसर अजिबात नको.

सगळं जोडूनही स्क्रीन काळीच राहिली, तर आधी प्रोसेसरजवळची ८ पिनांची वायर तपासा. तीच लावायची हमखास राहते, आणि पंखे फिरत असल्याने संशय येत नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा.

वॉरंटी भागागणिक वेगळी असते, त्यामुळे पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या.

नुसतं टॅली आणि ईमेल असतं, तर घरी येऊन दुरुस्ती मिळणारा ब्रँडेडच सुचवला असता.