छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला ग्रॅपल कोणता घ्यावा?

ग्रॅपल म्हणजे लोडरच्या पुढे बसणारा, ओंडके-फांद्या पकडणारा पंजा. आधी त्याचं वजन बघा, रुंदी नंतर. लोडर ४५० किलो उचलतो आणि ग्रॅपलच २०० किलोचा असेल, तर ओझ्याला २५० किलोच उरतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण माहितीपत्रकातला आकडा बहुतेकदा पिनजवळचा (लोडरच्या हातांना अवजार जोडतात तिथला) असतो आणि ओंडका त्याच्या बराच पुढे असतो. म्हणून २५–३५ एचपीला ४ ते ५ फुटी, हलका, एकाच झाकणाचा (वरून दाबून धरणारा जबडा एकच असलेला) ग्रॅपल पुरतो. दोन झाकणांचा वेड्यावाकड्या फांद्या छान धरतो, पण तेवढंच वजन वाढतं.

काटेरी झुडपं, मुळं, दगड यांसाठी खालच्या दातांत फट असलेलाच घ्या. माती गळून पडते. सिलिंडरचे होज (तेलाच्या नळ्या) उघडे लोंबत असतील तर तो घेऊ नका, पहिल्याच झुडपात फांदी अडकून फिटिंग उखडतं.

झाकण उघडबंद करायला लोडरवर हायड्रॉलिकची तिसरी लाइन (दाबाच्या तेलाची जादा जोडणी) लागते. ती नसेल तर तिचा खर्च आधीच धरा. क्विक अटॅच प्लेटचा (अवजार झटपट जोडायच्या पाटीचा) प्रकार जुळतो का, तेही तपासा.

आणि मागे वजन लावल्याशिवाय ओंडका उचलू नका. मागची चाकं हलकी झाली की ट्रॅक्टर उताराला सहज कलंडतो. ओझं जमिनीलगत ठेवूनच न्या.