ग्रंथपाल प्राध्यापकांसाठी घेतात त्या प्रशिक्षणाला जावं का? ऑनलाइन बरं की प्रत्यक्ष?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या लायब्ररीनं प्राध्यापकांसाठी चार सेशन्स ठेवली आहेत. एन-लिस्ट (कॉलेजांना मिळणारी ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं) आणि शोधगंगा (पीएचडी प्रबंधांचा संग्रह) ऑनलाइन, झोटेरो (संदर्भ जमवून सूची करणारं सॉफ्टवेअर) आणि सिमिलॅरिटी रिपोर्ट (आपला किती मजकूर इतरांशी जुळतो ते दाखवणारा) दुपारी दोनला लायब्ररीत. लेक्चर्स साडेबाराला संपतात, घर बदलापूरला, मग त्यासाठी थांबायचं का? आणि प्रमोशनला उपयोग होतो का? मी मुंबईच्या उपनगरातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे, अशी सेशन्स स्वतः घेते. त्यामुळे माझं मत थोडं स्वतःच्या बाजूला झुकणारच, तेवढं वजा करून वाचा.

प्रमोशनचं आधी उरकते. तास-दीड तासाचं प्रमाणपत्र कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या, फाइलला लावून काही हाती लागत नाही, तिथे रिफ्रेशर किंवा निदान आठवड्याभराचा कोर्स लागतो. तेवढ्यासाठी येणार असाल तर सरळ गाडी पकडा.

काही सेशन्स निव्वळ फाइलसाठी असतात, हेही खरं. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार संस्थेनं दर सेमिस्टरला जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे असतात. मग बॅनर लागतो, दीपप्रज्वलन होतं, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी ठिकाणाची नोंद असलेला जिओटॅगवाला फोटो निघतो. 'ग्रंथालयाची बदलती भूमिका' असा ऐसपैस विषय दिसला की समजून जा. तुमच्याकडचे विषय मात्र नेमके आहेत, ही चांगली खूण आहे.

खरं तर तुमच्या यादीत पाचवा विषय हवा होता, तो म्हणजे जर्नल कसं पारखायचं. पूर्वी स्टाफरूममध्ये एकच प्रश्न असायचा, "केअरमध्ये (यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीत) आहे का?" फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीनं केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि पारखायची जबाबदारी संस्थेवर आणि पर्यायानं तुमच्यावर आली. इकडे इनबॉक्समध्ये 'चार दिवसांत स्वीकृती'वाल्या मेल येतच असतात. 'स्कोपस इंडेक्स्ड', म्हणजे स्कोपस या जर्नल्सच्या मोठ्या नोंदसूचीत असल्याचं, कुणीही स्वतःच्या वेबसाइटवर लिहू शकतं. स्कोपसची जर्नल्सची यादी वर्गणी न भरताही बघता येते, पण तिथे जाऊन खात्री करणारे फार थोडे. त्यातही काही जर्नल्सच्या हुबेहूब नकला असतात. नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) खऱ्या जर्नलचा, वेबसाइट भलत्याचीच. म्हणून मी सांगते, मेलमधल्या लिंकवरून जर्नलकडे कधीच जायचं नाही, आयएसएसएन पोर्टलवरून किंवा मूळ प्रकाशकाच्या पानावरून जायचं. शंका राहिलीच तर संपादक मंडळातल्या एखाद्याला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर दोन ओळींची मेल टाकायची. आपण त्या मंडळावर आहोत हे त्यांनाच माहीत नसतं, असंही निघतं.

सिमिलॅरिटी रिपोर्टच्या सेशनला तर थांबाच. अडतीस टक्के बघून लोक घाबरेघुबरे होऊन काउंटरवर येतात. त्यातली संदर्भसूची, अवतरणचिन्हातला आणि श्रेय दिलेला मजकूर वगळला की आकडा बराच खाली येतो. नियमांतच हे वगळायला सांगितलंय. सलग १४ शब्दांपर्यंतचा योगायोगाचा किंवा सर्वज्ञात मजकूरही धरायचा नसतो. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४०मध्ये लेख मागे घ्यायला सांगतात, ४० आणि ६०च्या पुढे शिक्षा वाढत जाते. पण सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं, चोरी आहे की नाही ते माणसानंच ठरवायचं. कुणी आठ टक्क्यांत दुसऱ्याची अख्खी कल्पना उचललेली असू शकते. हे समजायला स्वतःचा रिपोर्ट समोर हवा आणि शेजारी कुणीतरी बसायला हवं.

ऑनलाइनचा माझा अनुभव संमिश्र आहे. रात्री साडेआठची लिंक पाठवली की हजेरी भरपूर, कॅमेरे बंद, मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. "दिसतंय का?" विचारलं की "हो मॅडम, दिसतंय" असं एकसुरात उत्तर. कोण कुठे अडकलंय ते मला काही कळत नाही. तरी नुसतं बघण्यासारखं असेल ते ऑनलाइन चालतं. एन-लिस्टवर काय मिळतं, घरून लॉगिन कसं करायचं, आपली संस्था 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये येते का. १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेली ही योजना मुळात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स तिच्यात आहेत, त्यामुळे विचारून घेणं फायद्याचं. रेकॉर्डिंग मागून घ्या, गाडीत बसून बघता येईल. बसायला मिळालं तर!

झोटेरो मात्र हातानं करायची गोष्ट आहे. वर्डमध्ये त्याची पट्टी दिसत नाही इथेच निम्मे लोक अडतात आणि ते शेजारी उभं राहून दोन मिनिटांत सुटतं. स्वतःचा लॅपटॉप आणि चालू असलेला एखादा लेख घेऊन या. चॅटजीपीटीनं दिलेली संदर्भसूची मात्र आणू नका. असले संदर्भ शोधून द्या म्हणून हल्ली बरेच जण येतात. लेखक खरा, जर्नल खरं आणि तो लेख मात्र कुणी कधी लिहिलेलाच नसतो.

तुम्ही मराठी किंवा इतिहास शिकवत असाल तर शोधगंगेबद्दल एक गोष्ट आवर्जून विचारा. जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत, काहींचं नुसतं स्कॅनिंग झालंय. त्यामुळे आतला मजकूर सर्चमध्ये सापडत नाही आणि लोक 'यावर काम झालेलंच नाही' असं लिहून मोकळे होतात. शीर्षक देवनागरी आणि रोमन दोन्हींत टाकून बघायचं, मार्गदर्शक आणि विभागावरून शोधायचं. जुन्या नियतकालिकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा फोर्टची एशियाटिक सोसायटीची लायब्ररी गाठायची. जाण्याआधी तुमच्या ग्रंथपालांना विचारा, कुणाला भेटायचं हे त्यांना बहुतेक माहीत असतं.

राहिली दुपारी दोनची वेळ. ती बहुधा प्राचार्यांच्या सोयीनं ठरलेली असते. तुमच्यासारख्या लांबून येणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून साडेबाराला घ्या म्हणून सांगा. ऐकणारे निदान लॅपटॉप उघडून बसणार आहेत म्हटल्यावर कुठलाही ग्रंथपाल वेळ बदलून देईल.